तुर्कस्तानच्या पानात अमास्या कुठेय?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत तुर्कस्तानवर दोन पानं आली ती वाचली, फोटो छानच होते, पण मजकूर परत तोच, इस्तंबूलची ब्लू मशीद, कॅपाडोशियाचे बलून, पामुक्कालेचं पांढरं पाणी आणि शेवटी कुठली मिठाई आणायची. सोबत जो नकाशा छापला होता त्यात एकही नदी नाही, एकही डोंगर नाही, नुसते चार लाल ठिपके. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवलाय, आता रिटायर झालेय, त्यामुळे नकाशा धड नसेल तर लेख वाचायला माझं मनच होत नाही. तुर्कस्तानात बघण्यासारखं आणि मुख्य म्हणजे समजून घेण्यासारखं जे आहे ते बरंचसं मधल्या जिल्ह्याच्या गावांमध्ये आहे आणि त्यातल्या एका गावाबद्दल मला लिहायचंय, ते गाव म्हणजे अमास्या.

आम्ही दोघं टूरचं संपल्यावर अंकाराहून साध्या बसने तिकडे गेलो होतो. काळा समुद्र आणि आतलं अनातोलियाचं पठार यांच्या मधे डोंगरांच्या रांगा आहेत, त्या रांगा कापत येशिलइर्माक नावाची नदी वर समुद्राकडे जाते, साधारण ५१९ किलोमीटर लांबीची. या नदीने जिथे एक खोल अरुंद दरी केलीये तिथे अमास्या बसलंय. गावाची उंची समुद्रसपाटीपासून ४०० मीटरच्या आसपास. पुढे त्याच रस्त्यावरचं सिवास मात्र १२८० मीटरच्या वर आहे, तिथली थंडी हाडं गोठवणारी, आणि अमास्यात सफरचंदाच्या बागा. हा उंचीचा फरक लक्षात ठेवा, पुढचं पुष्कळ काही त्याच्यावर अवलंबून आहे.

दरी इतकी चिंचोळी आहे की गावाला पसरायला जागाच नाही, नदीच्या दोन्ही काठांनी लांबट गाव आणि उत्तरेला डोक्यावर हार्शेना नावाचा सरळसोट कडा, त्याच्या माथ्यावर किल्ला. आणि कड्याच्या मधोमध, खालून मान वर करून बघितलं की, मोठमोठी काळी दारं दिसतात, त्या पोंटसच्या, म्हणजे काळ्या समुद्राकाठच्या एका जुन्या राज्याच्या, राजांच्या कबरी. इसवी सनापूर्वी ३ऱ्या-२ऱ्या शतकातल्या. नुसती गुहा खोदून ठेवलेली नाहीये, मोठ्या कबरींच्या बाजूने आणि मागून बोळ कोरत नेलाय, म्हणजे कबरीचा दगड डोंगरापासून सुटा झालाय आणि तुम्ही तिच्याभोवती चालत फेरी मारू शकता. बोळात भिंतीला हात लावला की छिन्नीचे घाव बोटांना कळतात, तिरपे, एकाखाली एक, आणि खांद्याएवढ्या त्या जागेत माणसाने छिन्नी धरली कशी आणि हातोडा मारला कसा हाच विचार डोक्यात येतो. पायथ्याशी रेल्वेचे रूळ आहेत, साम्सुन-सिवास लाईन, रूळ ओलांडायचे आणि पायऱ्या चढायच्या.

पोंटसच्या राज्याची गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नसते म्हणून थोडक्यात सांगते. अलेक्झांडर गेल्यावर त्याचे सरदार एकमेकांत लढत होते, त्या गोंधळात मिथ्रिडेटीस नावाचा इराणी वंशाचा एक उमराव जीव वाचवून मोजक्या स्वारांनिशी उत्तरेच्या डोंगरात पळाला आणि पुढे इ.स.पू. २८१ च्या सुमारास स्वतःला राजा म्हणवून घेऊ लागला, त्याच्या घराण्याची पहिली राजधानी अमास्या. नंतर फार्नासीस या राजाने इ.स.पू. १८३ मधे समुद्रकाठचं सिनोप घेतलं आणि राजधानी तिकडे गेली. या घराण्यातला शेवटचा मोठा राजा ६वा मिथ्रिडेटीस, ज्याने रोमला अनेक वर्षं जेरीला आणलं.

आणि याच अमास्यात इ.स.पू. ६४-६३ च्या सुमारास स्ट्रॅबो जन्मला. भूगोलाच्या कुठल्याही पुस्तकात पहिल्या प्रकरणात हे नाव येतं, १७ खंडांचा त्याचा 'जिओग्राफिका' जवळजवळ पूर्ण आपल्यापर्यंत पोचलाय. मी स्वतः कितीतरी वर्षं वर्गात 'स्ट्रॅबो, ग्रीक भूगोलज्ञ' एवढंच सांगून पुढे गेले, सगळेच जातात कारण पोर्शन संपवायचा असतो. तर या माणसाने बाराव्या खंडात आपल्या गावाचं वर्णन केलंय आणि ते वाचून आज अमास्यात उभं राहिलं तर बोट ठेवून दाखवता येतं. तो सांगतो, माझं गाव एका मोठ्या खोल दरीत आहे, तिच्यातून नदी वाहते (तेव्हा तिचं नाव इरिस), गाव माणसाच्या अकलेने आणि निसर्गाच्या कृपेने असं झालंय की ते एकाच वेळी शहरही आहे आणि किल्लाही. उंच कडा नदीपर्यंत थेट उतरतो, एक तट नदीच्या काठाने, दुसरे दोन बाजूंनी वर सुळक्यांपर्यंत चढलेले, सुळके दोन, त्यांच्यावर बुरूज, आणि या सगळ्याच्या आत राजांचे वाडे आणि राजांच्या कबरी. नदीवर दोन पूल, एक गावातून पलीकडच्या वस्तीत, दुसरा तिथून बाहेरच्या मुलखात.

त्याच्या वर्णनातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पाण्याची. तो म्हणतो की या खडकाच्या पोटात पाण्याचे साठे आहेत जे शत्रूला तोडता येणार नाहीत, कारण खडकात नळीसारखे दोन मार्ग खोदलेत, एक नदीच्या बाजूला आणि एक सुळक्यांमधल्या खिंडीच्या बाजूला. हे वाचून आपल्याकडच्या कोणत्याही गडावर गेलेल्या माणसाला लगेच टाकी आठवतील, गड कितीही उंच असो, वर पाणी नसेल तर वेढ्यात किती दिवस टिकणार. हार्शेनावर खडकातून पायऱ्या उतरत जाणारा बोगदा आजही आहे.

स्ट्रॅबोच्या आईकडचं घराणं याच राजांच्या दरबारातलं. रोमन सेनापती ल्युकुलस चालून आला तेव्हा स्ट्रॅबोचा आजोबा राजाला सोडून रोमनांना मिळाला आणि पंधरा गढ्या त्यांच्या बाजूला वळवल्या, बदल्यात मोठमोठी आश्वासनं मिळाली, पण पुढे ल्युकुलसच्या जागी पॉम्पी आला, त्याचं आणि ल्युकुलसचं हाडवैर, पॉम्पीने ल्युकुलसने दिलेली सगळी वचनं रद्द केली. हे स्ट्रॅबो स्वतःच लिहून ठेवतो, काही लपवत नाही, म्हणून तो मला फार प्रामाणिक वाटतो.

तर लपायला दरी आणि निघायला रस्ता, या दोन्ही गोष्टी एकाच जागी असणं हे अमास्याचं खरं बळ आहे. उत्तरेला साम्सुन बंदर साधारण १३० किलोमीटर, दक्षिणेला तोकात आणि सिवास, पश्चिमेला मेर्झिफोनच्या सपाटीवरून इस्तंबूलकडे, पूर्वेला निक्सारवरून एर्झुरूम आणि इराण. तब्रीझहून रेशीम घेऊन बुर्साला जाणारे काफिले याच भागातून जायचे. दरीतून थोडं बाहेर पडलं की सुपीक मैदान लागतं, स्ट्रॅबोच्या काळी त्याला 'हजार गावांचं मैदान' म्हणत, म्हणजे धान्य आणि वैरण हाताशी. मला म्हणायचंय ते एवढंच, की तुर्कांच्या इतिहासात सत्ता मोडून पडली किंवा डळमळली की ती उभी करायची सुरुवात या दरीतून झालीये, आणि हे एकदा नाही, तीनदा.

पहिली वेळ १४०२ ची. तैमूरने अंकाराजवळ पहिल्या बायझीद सुलतानाला हरवून कैद केलं, उस्मानी राज्याचे तुकडे झाले, मुलगे एकमेकांच्या जीवावर उठले. त्यातला मेहमेद अमास्या-तोकातच्या डोंगरात पाय रोवून राहिला, भावांशी अकरा वर्षं झुंजला आणि १४१३ मधे सगळं राज्य पुन्हा एका हाताखाली आणलं. या धामधुमीतच १४०४ मधे अमास्यात त्याचा मुलगा जन्मला, तो पुढचा दुसरा मुराद. आता इथे आपल्याशी संबंध येतो बघा. फरिश्ता हा इतिहासकार, अहमदनगरच्या निजामशाहीत वाढलेला आणि नंतर विजापूरला गेलेला, त्याने लिहून ठेवलंय की आदिलशाहीचा संस्थापक युसुफ आदिलखान हा या दुसऱ्या मुरादचाच मुलगा, थोरल्या भावाने गादीवर आल्यावर मारू नये म्हणून आईने त्याला एका इराणी व्यापाऱ्याच्या हाती देऊन लांब पाठवलं. इतिहासकार ही गोष्ट खरी मानत नाहीत, मीही मानत नाही, पण विजापूरच्या दरबाराला आपलं मूळ तिकडचं सांगावंसं वाटलं हे तर खरं ना. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ मधे अहमदनगरला ओतली ती मुहम्मद रूमीखानाने, आणि रूम म्हणजे हाच मुलूख. दख्खनच्या माणसाला तेव्हा अनातोलिया आजच्यापेक्षा जास्त माहीत होता असं मला राहून राहून वाटतं.

दुसरी वेळ १४८१ ची. उस्मानी रीत अशी की शहजाद्यांना कोवळ्या वयात एकेका प्रांतावर पाठवायचं, सोबत शिकवणारा मुरब्बी माणूस, म्हणजे राज्य कसं चालतं ते करून शिकायचं. अमास्या हे त्यातलं एक मुख्य ठाणं. इस्तंबूल जिंकणाऱ्या दुसऱ्या मेहमेदचा मुलगा बायझीद इथे लहानपणापासून होता, इथेच शेख हमदुल्ला या अमास्याच्याच माणसाकडून तो सुलेखन शिकला आणि इथेच १४७० मधे त्याचा मुलगा सेलीम जन्मला, जो पुढे इजिप्त जिंकणार होता. मे १४८१ मधे मेहमेद अचानक गेला, धाकटा भाऊ जेम कोन्याला होता, वजिराची मर्जी जेमवर, त्याने जेमकडे गुपचूप निरोप धाडला तो जासूद वाटेतच पकडला गेला, राजधानीत जानिसारी या सुलतानाच्या खास पायदळाने वजिराला ठार केलं आणि मे संपायच्या आत अमास्याहून निघालेला बायझीद गादीवर बसलासुद्धा. तो नंतर गावाला विसरला नाही, नदीकाठी १४८६ ची त्याची मशीद आहे, दोन मिनार, बाजूला मदरसा, अन्नछत्र, आणि अंगणात चिनारची म्हातारी झाडं. शेख हमदुल्लाला तो इस्तंबूलला घेऊन गेला आणि पुढची चारशे वर्षं तुर्की सुलेखनात त्याचंच वळण चाललं.

मधे १५५५ सुद्धा आहे, ते तर आजच्या बातम्यांशी जोडलेलं आहे. सुलेमान सुलतान इराणच्या मोहिमेवरून परत येताना सैन्य घेऊन हिवाळ्याला अमास्यात थांबला, का थांबला ते मी वर उंची आणि वैरण सांगितली त्यावरून कळेल. २९ मे १५५५ ला इराणच्या शाह तहमास्पशी इथे तह झाला, बगदाद आणि इराक उस्मानींकडे, तब्रीझ इराणकडे, आर्मेनिया आणि जॉर्जिया दोघांत वाटून. इराण-तुर्कस्तान-इराकच्या सीमारेषेचा मूळ आराखडा या तहात सापडतो. त्याच वसंतात ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजघराण्याचा वकील बुसबेक सुलतानाला भेटायला अमास्यात आला आणि त्याने घरी लिहिलेल्या पत्रांत, इथे माणसाला पद मिळतं ते घराण्यावर नाही तर गुणावर मिळतं, हे पाहून वाटलेलं आश्चर्य नोंदवून ठेवलंय. पण याच सुलेमानाने दीडच वर्ष आधी, १५५३ मधे, अमास्याचा सुभेदार असलेला आपला थोरला मुलगा मुस्तफा याला छावणीत बोलावून मारून टाकलं होतं. तुर्की सिरियल बघणाऱ्यांना हा प्रसंग पाठ आहे, पण मुस्तफा शेवटची बारा वर्षं जिथे राहिला ते गाव आजही बघता येतं हे त्यांना कोणी सांगत नाही.

तिसरी वेळ १९१९ ची. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तान हरलेला, इस्तंबूलवर दोस्तांचा वचक, साम्सुन आणि मेर्झिफोनला इंग्रजांचे शिपाई. मुस्तफा कमाल (पुढचा अतातुर्क) १९ मे ला साम्सुनला उतरला, किनाऱ्यावर थांबला नाही, आत सरकत हावझा आणि मग १२ जूनला अमास्या. तिथून २२ जूनला तारेने सगळ्या लष्करी आणि मुलकी अधिकाऱ्यांना परिपत्रक गेलं, त्यातलं वाक्य तिकडची शाळेतली पोरं पाठ म्हणतात, "राष्ट्राचं स्वातंत्र्य राष्ट्राचाच निर्धार आणि निर्णय वाचवेल." आणि सिवासला परिषद भरवायची हेही त्यातच ठरलं. मी इतिहासाच्या तासाला बदलीवर जायचे तेव्हा खिलाफत चळवळ शिकवली आहे, आपल्या पुस्तकात सुलतान, खलिफा, मुंबई, गांधीजी सगळं येतं, पण त्याच वर्षी खुद्द तुर्कस्तानात सुलतानाच्या सरकारला बाजूला सारून लोकांच्या नावाने निर्णय घ्यायला सुरुवात झाली होती आणि १९२४ ला खिलाफतच रद्द झाली ती का, हे मुलांना कळत नाही कारण अमास्याचं नावच कुठे नाही.

एक गोष्ट गावातल्या पाट्यांवरही नाही आणि टुरिझमच्या ब्रोशरमधेही नाही, ती लिहिल्याशिवाय पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. अमास्या आणि मेर्झिफोनमधे आर्मेनियन आणि ग्रीक वस्ती मोठी होती. १९१५ मधे आर्मेनियन लोकांना हाकलून दिलं, कित्येक मारले गेले, आणि १९२१ मधे अमास्यात बसलेल्या विशेष न्यायालयाने पोंटसच्या ग्रीक पुढाऱ्यांना फाशी दिलं. मेर्झिफोनला अमेरिकन मिशनऱ्यांचं १८८६ चं कॉलेज होतं ते शेवटी १९२४ मधे ग्रीसला थेस्सालोनिकीला हललं. ज्या गावातून 'राष्ट्राचा निर्धार' निघाला त्या गावातल्या या माणसांना त्या राष्ट्रात जागा उरली नाही. गावावर प्रेम करायचं तर हेही माहीत असायला पाहिजे.

आता थोडं बरं वाटेल असं सांगते. नदीकाठी 'बिमारहाने' म्हणून दवाखान्याची जुनी इमारत आहे, १३०८-०९ ची, इलखानी मंगोलांच्या काळातली, सुलतान ओल्जायतू आणि त्याच्या राणीच्या नावाने बांधलेली. दारावरचं दगडी कोरीवकाम बघत अर्धा तास जातो. इथे मनोरुग्णांवर संगीताचे उपचार व्हायचे असं तिथे सांगतात, आणि इथेच शेरेफेद्दीन साबुन्जुओग्लू नावाचा शल्यविशारद काम करायचा. त्याने १४६५ मधे शस्त्रक्रियेवरचं सचित्र पुस्तक लिहिलं, जुन्या अरबी ग्रंथाच्या आधाराने पण स्वतःच्या अनुभवाची भर घालून, आणि लिहिलं ते तुर्कीत, म्हणजे अरबी न येणाऱ्या गावच्या वैद्यालाही वाचता यावं म्हणून. तेव्हा तो ऐंशीच्या घरात होता. रंगीत चित्रांमधे रुग्ण कसा बसवायचा, कोणी धरायचा, हत्यार कुठे टेकवायचं हे सगळं दाखवलंय, आणि काही चित्रांत बायकाही उपचार करताना दिसतात. आज त्या इमारतीत वैद्यकाच्या इतिहासाचं म्युझियम आहे.

आणि भेंडी! अमास्याची भेंडी प्रसिद्ध आहे हे मला तिथे गेल्यावरच कळलं. फूल गळतं न गळतं तोच खुडतात, करंगळीच्या पेरापेक्षा लहान, मग दोऱ्यात ओवून माळा करतात आणि वाळवतात, बाजारात त्या करड्या-हिरव्या माळा टांगलेल्या असतात. हिवाळ्यात मटणाच्या रश्श्यात लिंबू पिळून शिजवतात, आंबट लागते आणि अजिबात तार सुटत नाही. सफरचंदं छोटी, गालावर लाली, वास असा की पिशवी खोलीत ठेवली तर खोलीभर. ही सगळी बागायत नदीच्या पाण्यावर. पाणी आणायचं कसब तर फार जुनं, गावाबाहेर डोंगराच्या कडेने खडकात कोरलेला प्राचीन कालवा आहे, लोक म्हणतात तो शिरीनसाठी फरहादने खोदला. शिरीं-फरहादची गोष्ट मूळ इराणची, पण अमास्याच्या लोकांनी ती आपल्या कालव्याला कायमची बांधून टाकलीये.

नदीकाठची लाकडी घरंही १९व्या शतकातली, जुन्या तटाच्या भिंतीवर चढवलेली आणि तिरप्या लाकडी टेकूंवर नदीकडे पुढे झुकलेली, म्हणजे स्ट्रॅबोने सांगितलेला नदीकाठचा तट आज लोकांच्या घराचा पाया झालाय. लाकडी सांगाडा आणि मधे कच्च्या विटा, कारण उत्तर अनातोलियाचा भ्रंश जवळूनच जातो, १९३९ च्या एर्झिंजानच्या भूकंपात अमास्याचंही नुकसान झालं, १९४२ आणि १९४३ ला पुन्हा जवळपासच मोठे भूकंप.

तर संपादक साहेब, माझी विनंती अशी. पुरवणीत पुढच्या वेळी परदेशातल्या कुठल्याही गावावर लेख घ्याल तेव्हा अर्ध्या पानाचा एक फोटो कमी करा आणि त्या जागी नदी, डोंगर, उंची आणि जुने रस्ते दाखवणारा नकाशा छापा, ठिपक्यांचा नको. तुर्कस्तानवर परत लिहिणार असाल तर अमास्याला स्वतंत्र पान द्या, आणि जमलं तर शेजारचं तोकात आणि झिलेही घ्या, सीझरचं "आलो, पाहिलं, जिंकलं" हे ज्या लढाईबद्दलचं आहे ती इ.स.पू. ४७ ची लढाई झिलेचीच. नकाशाला लागणारी माहिती मी हाताने काढून पाठवायला तयार आहे, शाळेत तेच करत आलेय. तुमच्याकडच्या चित्रकाराला सोयीचा आकार कोणता ते तेवढं कळवा.

कळावे,
आपली एक जुनी वाचक
(निवृत्त भूगोल शिक्षिका), सांगली